टागालोगचा ट पण येत नसताना मुलांना ‘वानसापानाताइम’ कसं दाखवायचं

आमच्या घरात ही सिरीयल शिरली ती "नाय" या एका शब्दामुळे. दुबईला करामामध्ये राहतो आम्ही, समोरच्या फ्लॅटमध्ये फिलिपिनो कुटुंब, दोन्हीकडची दारं दिवसभर अर्धी उघडीच, आणि आमचा धाकटा तेव्हा पाच वर्षांचा, तो सरळ त्यांच्याकडे जाऊन टीव्हीसमोर मांडी घालून बसायचा. एक दिवस घरी येऊन मला विचारतो, आई, तो टीव्हीतला मुलगा सारखा नाय नाय ओरडतो आणि मग त्याची आई येते, तो नाय म्हणतोय तर ती येते कशाला? आता त्यांच्या टागालोग भाषेत नानाय म्हणजे आई, आणि हाक मारताना नुसतं नाय. म्हणजे पोरगं "आई, आई" करत होतं आणि आमच्या साहेबांना वाटलं नको नको करतंय. हसून हसून पोट दुखलं, पण मग मीही जाऊन बसले बघायला आणि तिथून सुरुवात.

हे लिहिण्याचं कारण म्हणजे गेल्या वर्षभरात तीन-चार जणींनी विचारलं की तुम्ही ते फिलिपिनो जादूचं काय बघता, आम्हाला पण सांग ना कसं सुरू करायचं. एकीचा नवरा बोटीवर आहे, अर्धा क्रू फिलिपिनो, व्हिडिओ कॉलवर मुलं त्या काकांना ओळखतात. एकीचा भाचा फिलिपिन्समध्ये दावाओला मेडिकलला आहे. बाकीच्यांना नुसतीच हौस, त्याच त्याच कार्टूनचा कंटाळा आलाय म्हणून. तर जसं आम्ही केलं तसं सांगते.

आधी हे काय आहे ते. ‘वानसापानाताइम’ म्हणजे वन्स अपॉन अ टाइम, पण फिलिपिनो माणूस जसं बोलतो तसं एका दमात लिहिलेलं. थोडक्यात ‘एक आटपाट नगर होतं’. एबीएस-सीबीएन या चॅनलवर १९९७ मध्ये सुरू झाली, २००५ पर्यंत चालली, मग २०१० मध्ये परत आली ती थेट एप्रिल २०१९ पर्यंत. मधली सुट्टी वजा केली तरी सोळा-सतरा वर्षं होतात. ज्या मुलांनी ती लहानपणी पाहिली त्यांनी मोठं होऊन आपल्या मुलांना मांडीवर घेऊन पाहिली असं आहे. वीकेंडला संध्याकाळी लागायची, सगळं घर एकत्र बसलेलं असतं तेव्हा. प्रत्येक गोष्ट वेगळी, नट वेगळे, गाव वेगळं, समान गोष्ट एवढीच की कुठूनतरी जादू येणार आणि कोणाचंतरी घर त्या जादूने आधी उलटंपालटं होणार आणि मग सावरणार. योगायोग बघा, १९९७ मध्येच फिलिपिन्सने मुलांच्या टीव्हीचा कायदा केला, प्रत्येक चॅनलने रोजच्या वेळेतला कमीत कमी १५ टक्के वेळ मुलांना चालेल अशा कार्यक्रमांना द्यायचा म्हणून. आपल्याकडे असं काही असतं तर सासू-सुनांचं काय झालं असतं देव जाणे.

सगळ्यात पहिली चूक लोक करतात ती म्हणजे पहिल्या भागापासून सुरू करायला बघतात. अजिबात गरज नाही! ही काही आपली डेली सोप नाही की मधला आठवडा चुकला तर कोण कोणाची सावत्र बहीण ते कळत नाही. कुठलाही भाग उचला आणि बसा. फक्त एक बघायचं, गोष्ट एका बैठकीत संपणारी आहे की आठवडेच्या आठवडे चालणारी. सुरुवातीच्या काळात आणि २०१० नंतरही काही वर्षं बऱ्याच गोष्टी एका भागात संपायच्या, नंतर नंतर त्यांनी लांबवायला सुरुवात केली, एक गोष्ट कितीतरी रविवार चालणार आणि तिला स्वतःचं वेगळं नाव. त्या लांबलेल्या गोष्टींत कॉलेजची पोरं-पोरी असतात, प्रेमबिम असतं, लहान मुलं दहा मिनिटांत उठून जातात. म्हणून लहान मुलं असतील तर एका भागातल्या गोष्टी, दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील तर लांबलेल्या. माझं मत विचाराल तर एका भागातल्याच चांगल्या, लांबलेल्यांत पाणी फार घातलंय.

लांबलेल्यांची नावं मात्र मजेशीर असतात हां. नावात कोटी केल्याशिवाय यांना करमतच नाही. ‘जेली इन अ बॉटल’ म्हणून एक आहे, म्हणजे बाटलीतल्या जिनीवरून जेली, आणि जेली हे मुलीचं नाव. ‘ॲनिका पिंतासेरा’ म्हणून एक २०१७ ची आहे, पिंतासेरा म्हणजे सगळ्यांना नावं ठेवणारी, आणि त्यातलं पिंता म्हणजे रंग. आपल्या नाटकांच्या जाहिरातीत असतात तशा कोट्या. समोरच्या फिलिपिनो शेजारणीने, म्हणजे आमच्या आतेने, मला ही कोटी समजावली तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे पण अशी एक सासू प्रत्येक घरात असते.

आता हे "आते" म्हणजे काय तर त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला आते म्हणतात, आणि वयाने मोठ्या कुठल्याही बाईला आपण ताई म्हणतो तसं. माझी मुलं तिला आते म्हणतात आणि गावाकडे फोनवर सांगतात "आम्ही आतेकडे गेलो होतो", झालं, माझ्या नणंदेला वाटलं हिला दुबईत दुसरी कुठली नणंद मिळाली!

मिळवायचं कुठे. नाव शोधताना इंग्रजी अक्षरांत एका दमात लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही: डब्ल्यू, ए, एन, एस, ए, पी, ए, एन, ए, टी, ए, वाय, एम. वन्स अपॉन वगैरे नीट स्पेलिंग टाकलंत तर भलतंच काहीतरी येतं. यूट्यूबवर एबीएस-सीबीएनच्या स्वतःच्या चॅनलवर शोधा, तिथे कापून छोटे केलेले तुकडेही असतात आणि अख्खे भागही, तर अख्खा भाग आहे ना हे वेळ बघून ठरवा, नाहीतर मुलं बसलेली आणि ऐन जादूच्या वेळी तुकडा संपला असं होतं. एबीएस-सीबीएनचं आयवॉन्ट नावाचं ॲप आहे, आपण ज्या देशात आहोत तिथे त्यावर काय काय उघडतं ते आधी एकट्याने बघून ठेवा. आणि परदेशात असाल आणि शेजारी फिलिपिनो असतील तर त्यांच्याकडे टीएफसी असण्याची शक्यता दाट, ते त्यांचं बाहेरदेशी राहणाऱ्यांसाठीचं चॅनल, १९९४ पासून आहे. आम्ही तर निम्मं तिथेच पाहिलं, चहा पण त्यांचा.

आणि नवीन भाग शोधत बसू नका. २०१९ ला सिरीयल संपली आणि पुढच्याच वर्षी मे २०२० मध्ये त्या चॅनलचं लायसन्स संपलं, संसदेने ते पुढे दिलं नाही आणि देशातलं सगळ्यात मोठं चॅनल ऐन लॉकडाउनमध्ये हवेतून बंद झालं. जुलैमध्ये समितीत मतदान झालं तेव्हा ७० विरुद्ध ११ मतांनी नवीन लायसन्स नाकारलं. त्यात राजकारण होतं, तो विषय मोठा आहे आणि इथला नाही, पण आते अजून त्याबद्दल बोलताना आवाज चढवते. त्यांच्यासाठी ते चॅनल म्हणजे "कापामिल्या", म्हणजे घरचं माणूस, चॅनलचं टोपणनावच ते आहे. तेव्हापासून ती मंडळी ऑनलाइन आणि दुसऱ्यांच्या चॅनलवर वेळ घेऊन कार्यक्रम दाखवतात. आपल्याला काय, जुने भाग भरपूर आहेत, दर रविवारी एक म्हटलं तरी वर्षानुवर्षं पुरतील.

भाग सुरू झाला की अगदी पहिल्यांदा एक पाटी येते त्यांच्या सेन्सॉरवाल्यांची, त्यात जी किंवा पीजी लिहिलेलं असतं. जी असेल तर डोळे झाकून लावा. पीजी असेल तर पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसा. एसपीजी दिसलं तर तुम्ही चुकून भलत्याच कार्यक्रमावर आला आहात, बंद करा. ही पाटी मी सुरुवातीला पुढे ढकलून द्यायचे, आता नाही ढकलत.

सबटायटल. इथे बऱ्याच जणी माझ्याशी वाद घालतात पण मी सांगते, असले तरी बंद करा. पाच-सात वर्षांच्या मुलाला इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत, मग तुम्ही ते मोठ्याने वाचणार, मग त्याचं मराठी करणार, तोवर तिकडे परी येऊन गेली पण! त्यापेक्षा तुम्हीच कीर्तनकार व्हा. चित्र बघून सांगत सुटा, चुकलं तर चुकलं. आमच्याकडे तर एका गोष्टीत मी ज्याला मामा म्हणून सांगत होते तो शेवटी राक्षस निघाला, मुलांना ते इतकं आवडलं की पुढे प्रत्येक भागात "हा मामा आहे का" विचारायला लागली. आणि खरं सांगायचं तर भाषा तितकी अडत नाही, एकतर हे लोक बोलताना अर्धं इंग्रजी घालतात, टॅग्लिश म्हणतात त्याला, आपल्या मिंग्लिशची बहीण. आणि दुसरं म्हणजे त्या भाषेत आपल्या ओळखीचे शब्द जागोजागी बसलेत, ते कान उघडे ठेवले की सापडतात, आणि मुलांना ते शोधायला लावलं की पाऊण तास कसा जातो कळत नाही.

कारण असं की स्पॅनिश लोक १५६५ पासून तिथे ठाण मांडून बसले, पण त्याच्या कितीतरी आधी मलाय-जावाच्या व्यापारी जहाजांतून संस्कृत शब्द तिकडे पोचलेले होते. म्हणून मुखा म्हणजे चेहरा. गुरो म्हणजे शिक्षक. आसा म्हणजे आशा. मुत्या म्हणजे मोती. आणि दिवाता म्हणजे झाडाडोंगरावर राहणारी वनदेवी, आपली देवता. आमच्या मोठीने हा शब्द पहिल्यांदा पकडला, टीव्हीत सगळे दिवाता दिवाता करत होते आणि ती म्हणाली आई, देवता म्हणतायत का गं? तिला मी त्या दिवशी दोन चॉकलेटं दिली. माझा सगळ्यात आवडता शब्द महाल. त्याचे दोन अर्थ, महाग आणि लाडका, म्हणजे इंग्रजीत डिअर म्हणतात ना तसे दोन्ही. तो आपल्या महागचाच भाऊ, दोघेही संस्कृत महार्घवरून आलेले. सिरीयलमध्ये आई मुलाला "महाल किता" (माझं तुझ्यावर प्रेम आहे) म्हणाली की समजायचं शेवट जवळ आला, रुमाल काढा. आमच्या घरात आता बाजारातनं परवडत नाही अशी वस्तू आणली की मुलं म्हणतात, आई, हे फार महाल आहे का.

नंतर आलेले स्पॅनिश शब्द आहेत ते गोव्या-वसईच्या लोकांना पटकन कळतील, कारण पोर्तुगीज आणि स्पॅनिश शेजारी-शेजारी. साबोन म्हणजे साबण. क्रुस म्हणजे क्रूस. मेसा म्हणजे मेज. सापातोस म्हणजे बूट, माझी आजी घरातल्या स्लिपरला सपाता म्हणायची ती आठवली. जादूच्या बुटांची गोष्ट लागली की हा शब्द शंभर वेळा येतो.

बाकी दहा-बारा शब्द पाठ केले की काम भागतं. नाय आणि ताय, आई आणि बाबा. कुया मोठा भाऊ, आते मोठी बहीण, बुन्सो म्हणजे शेंडेफळ आणि ज्या गोष्टीत बुन्सो आहे त्यात जादू बहुतेक त्यालाच मिळणार हे धरून चला. लोला आजी, लोलो आजोबा. आनाक म्हणजे बाळा, लेकरा. सालामात म्हणजे थँक्यू. हाला! म्हणजे आपलं "अगंबाई" किंवा "मेलो". आणि पो. हा पो फार महत्त्वाचा, मोठ्यांशी बोलताना प्रत्येक वाक्याला चिकटतो, आपण "या हो, बसा हो" म्हणतो त्यातला हो. सालामात पो म्हणजे थँक्यू हो. ज्या गोष्टीत सुरुवातीला मुलगा पो म्हणत नाही, समजायचं की याला धडा मिळणार आहे. तसंच मानो, म्हणजे मोठ्या माणसाचा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावायचा, आपलं पाया पडणं. मुलांना एकदा सांगून ठेवा, नाहीतर "तो आजीचा हात डोक्याला का पुसतोय" हा प्रश्न येतो.

आता भुतंखेतं, कारण त्याशिवाय या गोष्टी कळत नाहीत आणि खरी मजा इथेच आहे. आपल्याकडच्या भुतांची ओळख असेल तर अर्धं काम झालेलंच असतं.

कापरे हा झाडावर बसणारा काळाकभिन्न केसाळ राक्षस, मोठ्या बालेते झाडावर, आंब्यावर वगैरे, आणि तंबाखूची जाड विडी ओढत बसलेला. रात्री झाडात लाल ठिणगी दिसली की कापरे. बालेते म्हणजे वडाच्याच कुळातलं, पारंब्या सुटलेलं झाड, त्यामुळे पिंपळावरचा मुंजा सांगितला की मुलांना लगेच कळतं, फक्त हा मुंजा माणसापेक्षा खूप उंच आणि स्मोकर आहे.

तिकबालांग म्हणजे घोड्याचं तोंड आणि माणसाचं अंग, पाय इतके लांब की उकिडवा बसला तर गुडघे डोक्याच्या वर जातात. त्याचं काम वाटसरूला रानात फिरवत ठेवायचं, कितीही चाललं तरी परत तिथेच. अहो हा चकवा! आमच्या गावी अजून म्हणतात ना, चकवा लागला म्हणून. त्यावर त्यांच्याकडे उपाय म्हणजे शर्ट काढून उलटा घालायचा, वाट सापडते. म्हणून एखाद्या गोष्टीत रानात कोणी अचानक कपडे उलटे करायला लागलं तर घाबरू नका. आणि सगळ्यात भारी, ऊन असताना पाऊस पडला की आपण म्हणतो कोल्ह्याचं लगीन, ते म्हणतात तिकबालांगचं लगीन. मी आतेला हे सांगितलं तेव्हा तिला खोटं वाटलं, तिने तिथेच तिच्या आईला फोन लावून विचारलं की आई, भारतात कोल्ह्याचं असतं म्हणे.

नुनो सा पुन्सो म्हणजे वारुळातला म्हातारा. वारुळाला लाथ मारली, तिथे शू केली तर पाय सुजतो, काय काय होतं. म्हणून रानातून, झाडाखालून जाताना मोठ्याने म्हणायचं "ताबी-ताबी पो", म्हणजे बाजूला व्हा हो, वाट द्या हो. हे वाक्य आमच्या धाकट्याला इतकं लागलं की मे महिन्यात रत्नागिरीला गेलो तर घरामागच्या वारुळाजवळून जाताना हा ताबी-ताबी पो. सासूबाईंनी विचारलं हे काय बडबडतोय, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्ही नागपंचमीला नमस्कार करतो तिथे, पण हा रोज करतोय तर बरंच आहे.

दुवेंदे म्हणजे बुटके, चांगले पण असतात वाईट पण, मुलांच्या गोष्टीत हे फार. सिरेना म्हणजे जलपरी. एन्कान्तो दिसायला गोरे देखणे आणि रानात राहणारे, त्यांनी दिलेलं जेवण खाल्लं की माणूस तिकडचाच होऊन राहतो, म्हणून टीव्हीत कोणी काळा भात पुढे केला की आमच्याकडे दोघंही ओरडतात नको खाऊ. बाकुनावा हा चंद्र गिळणारा समुद्रातला मोठा सर्प, ग्रहण लागलं की लोक भांडी बडवतात त्याने चंद्र सोडावा म्हणून. राहू-केतू माहीत असलेल्या मुलांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

इथे एक सावधान. ही नावं कळली की मुलं ती स्वतः शोधायला जातात, आणि मानानांगाल, तियानाक असली नावं टाकली तर फॅमिली सिरीयल येत नाही, मोठ्यांची भयपटं येतात. मानानांगाल म्हणजे कमरेपासून तुटून वरचा अर्धा भाग उडत जाणारी बाई, तियानाक म्हणजे रानात तान्ह्या बाळासारखं रडून माणसाला ओढणारं भूत. माझीच चूक, मी फोन हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले, पाच मिनिटांत किंकाळी. चार रात्री लाइट चालू ठेवून झोपलो. तेव्हापासून शोधायचं मी, बघायचं सगळ्यांनी.

बघताना काय करायचं तर मध्ये एकदा थांबवायचं, एकदाच, सारखं नाही. या गोष्टींचा साचा ठरलेला आहे हो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुलगा किंवा मुलगी नाराज असते, गरिबी असते किंवा शाळेत कोणी चिडवत असतं किंवा आई परदेशात कामाला गेलेली असते, मग कोणीतरी म्हातारी किंवा बुटका येऊन एक वस्तू देतो, एक अट घालतो, आणि पुढे ती अट मोडतेच. जिथे वस्तू हातात येते आणि अट सांगितली जाते तिथे थांबवा. विचारा, तुला मिळाली असती तर काय केलं असतं. आमच्या मोठीने एकदा सांगितलं की मी गणिताच्या मिसला बेडूक केलं असतं पण फक्त बुधवारी, बुधवारी टेस्ट असते. धाकटा म्हणाला मी बाबांना रोज लवकर घरी आणलं असतं. नवरा शेजारी बसलेला, त्याने फोन खाली ठेवला.

ते आई परदेशात कामाला वालं मी सहज लिहिलं पण ते तसं सहज नाही. तिथली लाखो माणसं बाहेरदेशी राबतात, इथे दुबईत आपण रोज बघतो, मॉलमध्ये, हॉस्पिटलात, घराघरांत. मुलं तिकडे लोलाकडे. म्हणून या गोष्टींत आजी-आजोबाच मुलं सांभाळताना दिसतील, आणि बाहेरून येणारं मोठं खोकं, बालिकबायान बॉक्स, त्यात चॉकलेटं साबण टॉवेल कपडे सगळं ठासून भरलेलं. आतेच्या घरात एक असं खोकं कायम अर्धं भरलेलं कोपऱ्यात असतं. मुलांना हे सांगा, पण भाग संपल्यावर, मध्येच नको.

शेवटचं उपदेशाचं मात्र आधी सांगून ठेवते. शेवटी कोणीतरी दोन मिनिटं उभं राहून सांगतं की बाळांनो, खोटं बोलू नये, घमेंड करू नये. मोठ्यांना जांभई येते. मी आधी तेवढं पळवायचे पण मुलंच म्हणाली नको, त्यांना तिथे सगळे एकमेकांना मिठी मारतात ते बघायचं असतं. आणि स्पेशल इफेक्ट बघून नाक मुरडू नका, जुन्या भागांत परी उडते तेव्हा कडेला हिरवी रेघ दिसते, दोरी पण दिसेल एखादवेळी. दोरी शोधायची स्पर्धा लावा, आमच्याकडे आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक आजी आहे ती पण ओळखून घ्या. सेवेरिनो रेयेस म्हणून लेखक होते, त्यांनी १९२५ पासून लिवायवाय या मासिकात लोला बास्यांग नावाच्या आजीच्या तोंडून गोष्टी सांगायला सुरुवात केली, तेव्हापासून तिकडे गोष्ट म्हटलं की आरामखुर्चीतली आजी आणि तिच्याभोवती नातवंडं हे चित्र पक्कं झालं. ‘वानसापानाताइम’चा कंटाळा आला किंवा भाग सापडेनासे झाले तर दुसऱ्या चॅनलची, जीएमएची, २०१७ ला सुरू झालेली ‘दाइग कायो नांग लोला को’ बघा, नावाचा अर्थ "माझी आजी तुम्हा सगळ्यांना भारी". त्यात लोला गोरेंग झालेल्या ग्लोरिया रोमेरो या जुन्या काळच्या मोठ्या नटी, जानेवारी २०२५ मध्ये ९१ व्या वर्षी गेल्या. ती बातमी आली त्या दिवशी आतेने दार वाजवलं आणि म्हणाली, आज त्यांचा एखादा भाग लावूया का. लावला.

आता खायचं काय. त्यांच्याकडे संध्याकाळच्या खाण्याला मेरिएन्दा म्हणतात आणि या सिरीयलबरोबर तुरोन लागतंच. कोकणातल्या माणसाला तर हे हातचं काम आहे. राजेळी केळं घ्या, पिकलेलं पण टणक, लांब उभे तुकडे करा, ब्राउन शुगरमध्ये घोळवा, शेजारी पिकल्या फणसाच्या गऱ्याची एक लांब फोड ठेवा, ते पण फणस घालतातच, आणि समोशाच्या किंवा स्प्रिंगरोलच्या पातळ पट्टीत घट्ट गुंडाळून कडा पाण्याने चिकटवा. तेल मध्यम तापलं की सोडा, वरून थोडी साखर तेलातच भुरभुरा म्हणजे बाहेरून चिकट काचेसारखा थर बसतो. गूळ घालू नका, मी घातला होता, आत शिजेपर्यंत बाहेर काळा झाला. जाळीवर काढा, कागदावर नाही, कागद चिकटून बसतो. आणि भाग सुरू करायच्या आधी पंधरा मिनिटं तळून ठेवा, कारण आतली साखर भयंकर गरम असते आणि जादू सुरू झाल्यावर मुलं फुंकर मारायला थांबत नाहीत.